पाळीव कॅमेलिअन दिवसा डोळे मिटून बसला तर

निरोगी कॅमेलिअन (रंग बदलणारा सरडा) दिवसा झोपत नाही. येमेनी जातीचा (व्हेल्ड) प्राणी भर दुपारी डोळे मिटून बसला, तर तो आजारी आहे असेच धरून चाला.

आधी विष्ठा बघा. तिच्यासोबतचा युरेटचा (लघवीतला घट्ट भाग) खडा पांढरा हवा. पिवळा-केशरी दिसला तर अंगात पाणी कमी आहे. पानांवर बारीक फवारा मारा. सिरिंजने तोंडात पाणी ढकलू नका, ते श्वासनलिकेत जाते. मग पिंजऱ्यातल्या ऊब देणाऱ्या दिव्याखालच्या फांदीवर थर्मामीटर लावा: २९ ते ३२ अंश सेल्सिअस पुरे. यूव्हीबी (अतिनील किरण देणारी) ट्यूब वर्षभराने बदला. उजेड दिसत असला तरी यूव्हीबी घटलेले असते.

दिव्यापासून लांब असतानाही तोंड उघडे, मान वर आणि श्वासाला टकटक आवाज, म्हणजे बहुधा फुप्फुसाचा संसर्ग. त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे न्या.

मादी तळाशी येरझाऱ्या घालत माती उकरत असेल तर तिला अंडी घालायची आहेत. नर नसला तरी ती घालते. साधारण ३० सेंटिमीटर खोल ओलसर वाळूची बादली ठेवा, पिंजरा झाका, डोकावू नका. उकरणे थांबले, अंडी नाहीत आणि मादी मलूल पडली, तर लगेच एक्स-रे.

आपल्याकडचा रानातला घोयरा सरडा (भारतीय कॅमेलिअन) मात्र घरी आणू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.