सिम्युलेशनचा डेटा टीममध्ये कसा सांभाळावा आणि कसा पाठवावा

आमची डिझाइन टीम पाच जणांची आहे. दोघे यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये बसतात, दोघे अमरावतीहून आणि एक जण नागपूरहून काम करतो. पऱ्हाटीचे (कापसाच्या उभ्या वाळक्या झाडांचे) तुकडे करणारे श्रेडर, पेरणीयंत्रे आणि रोटाव्हेटरचे भाग हा आमचा विषय. हे भाग भाराखाली टिकतील का, ते आधी संगणकावर तपासणे म्हणजे आमचे सिम्युलेशन. "सगळे क्लाउडवर टाका, प्रश्न मिटला" असे सांगणाऱ्याने आमच्या शेडमध्ये बसून १२ जीबीची रिझल्टची फाइल एकदा चढवून दाखवावी. रात्रभर ती चढत राहते आणि पहाटे वीज जाते.

मॉडेल तयार करायला आणि रिझल्ट पाहायला आम्ही प्रीपोमॅक्स वापरतो, आणि प्रत्यक्ष गणित कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर करतो. एकदा चालवलेले असे गणित म्हणजे एक रन. तुमचा सॉल्व्हर दुसरा असला तरी पुढील पद्धतीत फारसा फरक पडणार नाही.

पायरी १ : मूळ जागा एकच ठेवा

यूपीएसवर चालणारा एक संगणक ठरवा. त्यावरची फाइल मूळ, बाकी सर्वांकडच्या फायली म्हणजे प्रती.

पायरी २ : डेटाचे तीन भाग करा

इनपुट, रिझल्ट आणि रिपोर्ट यांचे फोल्डर वेगळे असावेत. इनपुटची फाइल काही एमबींची असते आणि ती कायम जपायची असते. रिझल्टची फाइल कित्येक जीबींची असते, पण इनपुट शाबूत असेल तर ती पुन्हा तयार करता येते. सर्वांना एकच नियम लावणारे लोक डिस्क भरली की घाईने नेमके इनपुट पुसतात.

पायरी ३ : नावे ठरवा

भाग, ड्रॉइंगची रिव्हिजन, लोड केस (कोणता भार धरला ते) आणि तारीख, याच क्रमाने, रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता. नावात "फायनल" हा शब्द दिसला की मी फाइल परत पाठवतो.

पायरी ४ : प्रत्येक रनसोबत नोंद ठेवा

इथे मी स्वतः पडलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत, कापसाची शेवटची वेचणी उरकून शेतकरी पऱ्हाटी काढण्याच्या घाईत असताना, आमच्या श्रेडरच्या गिअरबॉक्सखालच्या ब्रॅकेटला वेल्डजवळ तडा गेला. पहिल्या यंत्राच्या वेळी आम्ही वेल्डरला बोल लावला. दुसऱ्या यंत्रालाही त्याच जागी तडा गेला तेव्हा मुकाट्याने फायली उघडल्या. रिपोर्टमध्ये सर्वाधिक ताण १३० मेगापास्कल होता आणि पोलाद २५० मेगापास्कल यील्डचे (म्हणजे त्यापुढे ते कायमचे वाकते), त्यामुळे कागदावर सगळे व्यवस्थित होते. मात्र ते विश्लेषण ८ मिलिमीटर प्लेटचे होते आणि वजन कमी करण्यासाठी ड्रॉइंगच्या पुढच्या रिव्हिजनमध्ये ती ६ मिलिमीटर झाली होती. वाकणाऱ्या प्लेटमधला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ६४ भागिले ३६ म्हणजे सुमारे १.७८ पट, म्हणजे १३० चे २३१ झाले. काळ्या रानातल्या धक्क्यांत, वेल्डच्या काठाशी, एवढा ताण हंगामभर टिकणे शक्यच नव्हते. गणित अचूक होते. ते दुसऱ्याच ब्रॅकेटचे होते.

तो रिझल्ट व्हॉट्सअॅपवर रंगीत चित्राच्या रूपाने फिरला होता, आणि ते चित्र मीच पाठवले होते. त्यावर रिव्हिजन नव्हती, जाडी नव्हती, आणि चित्र कॉम्प्रेस झाल्यामुळे बाजूच्या रंगपट्टीचे आकडेही वाचता येत नव्हते. सॉफ्टवेअर ही पट्टी प्रत्येक रनला आपोआप बदलते, त्यामुळे एका चित्रातला लाल ८० मेगापास्कलचा आणि दुसऱ्यातला २४० चा असू शकतो. केवळ चित्र पाहून "चालेल" असे म्हणणाऱ्या सहकाऱ्याला आणि तसे चित्र पाठवणाऱ्याला, दोघांनाही आवरावे.

आता आमच्याकडे इनपुटच्या फोल्डरमध्ये साध्या टेक्स्टची एक नोंद असल्याशिवाय रन मोजलाच जात नाही. ब्रॅकेटची सध्याची नोंद अशी आहे : "रिव्हिजन सी, प्लेट ६ मिमी, खाली १० मिमीची पट्टी वेल्ड केलेली. एकके मिमी, न्यूटन, मेगापास्कल, टन. भार पीटीओ ५४० फेऱ्यांवर, रोटर अचानक अडकल्याचा. चार बोल्टची भोके पूर्ण जखडलेली. दुसऱ्या कोटीचे टेट्रा एलिमेंट, वेल्डजवळ ३ मिमी. प्रश्न : पट्टी पुरेशी आहे का? स्थिती : तपासायचे आहे." यातला पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरचा यंत्र फिरवणारा दांडा, आणि एलिमेंट म्हणजे गणितासाठी केलेले भागाचे छोटे तुकडे; त्यांची जाळी म्हणजे मेश. सॉल्व्हरची आवृत्ती, लागलेला वेळ आणि करणाऱ्याचे नाव शेवटी येते.

ही नोंद रन सुरू करण्याआधी लिहावी. नंतर लिहिलेली नोंद आठवणीतून येते, आणि आठवणीत प्लेट ८ मिलिमीटरचीच राहते.

एककांची ओळ अनावश्यक वाटते, कारण प्रत्येकाला आपली एकके पाठ असतात. कॅल्क्युलिक्सला मात्र एकके ठाऊकच नसतात. तुम्ही द्याल ते आकडे तो घेतो. मिमी-न्यूटन-टन पद्धतीत पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात असते. कोणी सवयीने किलोग्रॅम धरून उणे ६ वा घात लिहिला, तर वस्तुमान हजारपट होते, फिरत्या पात्याचे केंद्रोत्सारी बल हजारपट येते आणि नैसर्गिक वारंवारता सुमारे ३२ पटींनी घसरते. स्थिर भाराच्या रनमध्ये, जिथे वजन धरलेलेच नसते, ही चूक दिसतही नाही. तीच फाइल दुसऱ्याने कंपनाच्या रनसाठी उचलली की ती बाहेर येते.

"तपासले" ही स्थिती रन करणाऱ्याने स्वतः लिहू नये. दुसऱ्याने फक्त इनपुट आणि नोंद घेऊन तो रन आपल्या संगणकावर पुन्हा चालवावा. त्याने नव्याने मेश केली असेल तर ताणाचा कमाल आकडा जुळवत बसू नये, कारण आतल्या धारदार कोपऱ्यात मेश बारीक करत गेले की ताण वाढतच जातो. विस्थापन आणि आधारांवरची प्रतिक्रियाबले जुळवावीत. त्याला फोन करून एखादी गोष्ट विचारावी लागली, तर ती गोष्ट नोंदीत घालावी.

चुकीचा ठरलेला रन पुसू नये. त्याची स्थिती "मागे घेतले" अशी करून कारण लिहावे. पुसलेला रन कोणाच्या तरी लॅपटॉपवर जिवंत असतोच आणि पुढच्या हंगामात तो निरागसपणे परत येतो.

पायरी ५ : पाठवणे

इनपुट, नोंद आणि रिपोर्ट आम्ही सिंकथिंगने (संगणकांमधले फोल्डर आपोआप सारखे ठेवणारे सॉफ्टवेअर) पाठवतो आणि इनपुटचा इतिहास गिटमध्ये (फायलींतले बदल नोंदवणारे सॉफ्टवेअर) ठेवतो. कोणती ओळ बदलली ते त्यात लगेच दिसते. रिझल्टच्या फायली गिटमध्ये घालू नका, प्रत्येक आवृत्ती साठत जाऊन तो फुगतो. सॉल्व्हर चालू असलेला फोल्डर सिंकमध्ये ठेवू नका. अर्धवट लिहिलेली फाइल पलीकडे पोहोचते आणि तिकडचा माणूस दोन तास डोके फोडतो.

पूर्ण रिझल्ट खरोखरच हवा असेल, तर आमची डिस्क एसटीने अमरावतीला जाते आणि ती नेटच्या आधी पोहोचते. ती एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पोहोचल्यावर दोन्हीकडचा चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवावा.

पायरी ६ : बॅकअप आणि सफाई

इनपुट आणि नोंदींची एक प्रत शेडच्या बाहेर, दुसऱ्या गावी असावी. रिझल्ट हंगाम संपल्यावर पुसावेत. नोंदीत रनला २० तासांपेक्षा जास्त वेळ लागल्याचे दिसले, तर तेवढा एक ठेवावा.