आगमनकाळातले संत घरच्या कॅलेंडरवर कसे लिहायचे

भिंतीवरच्या कॅलेंडरात ख्रिसमस छापलेला असतोच, बाकीचे संत आपले आपणच लिहायचे. पण सुरुवात संतांपासून नाही, रविवारांपासून करा. २५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार उलटे मोजत या, २०२६ ला ते येतात २०, १३, ६ डिसेंबर आणि २९ नोव्हेंबर, म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या तयारीचे आठवडे) २९ पासून सुरू. त्यांना जांभळ्या स्केचपेनने गोल करा, सुरुवातीपासून तिसऱ्याला (१३ ला) गुलाबी, त्या दिवशी फादरांचा झगा गुलाबी असू शकतो. आमच्याकडे दुधाचा खाडा नि सिलेंडरची तारीख ज्या चौकोनात लिहितात तिथेच हेही लिहितो, नजर चुकत नाही.

आता संत. नियम सोपा आहे, आगमनकाळातल्या रविवारपुढे कुठल्याच संताचं चालत नाही. २०२६ ला संत निकोलस (६) आणि संत लुसी (१३) दोघेही रविवारी आलेत, म्हणजे चर्चमध्ये त्यांची वेगळी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, घरी पोरांना निकोलसच्या नावाने खाऊ द्यायला कोण अडवतंय! ८ डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण मात्र इतका मोठा की तो गळत नाही, रविवारी आला तर सोमवारी सरकतो, २०२४ ला तसंच झालं होतं. आणि हा सण येशूची आई मरिया हिच्या स्वतःच्या गर्भसंभवाचा आहे, येशूच्या नाही, बरेच जण गोंधळतात, ८ सप्टेंबरला तिचा वाढदिवस, नऊ महिने मागे मोजा की कळतं. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) धरायची तर २९ नोव्हेंबरपासून. सणाच्या दिवशी फादरांच्या झग्याचा जांभळा रंग जाऊन पांढरा येतो आणि आगमनकाळाच्या रविवारी न म्हटलेलं ग्लोरिया हे स्तुतिगीतही म्हणतात.

३ डिसेंबर संत फ्रान्सिस झेवियर. जगभर साधा मेमोरियल (खालच्या दर्जाचा स्मरणदिन), आपल्या भारतात दर्जा वरचा. त्याच्या सणाला जुन्या गोव्याला जायचं असेल तर ही तारीख आत्ताच लाल करा, रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि ठाण्याहून कोकण रेल्वेची तिकिटं कशी उडतात ते माहितीय ना, जवळचं स्टेशन करमळी, पण सगळ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत.

७ ला संत अँब्रोज, १४ ला क्रूसभक्त संत योहान, एवढं पुरे. १७ पासून २४ पर्यंत संत मागे पडतात, ते दिवस थेट नाताळच्या तयारीचे, तिथे माझ्या मते काही लिहूच नका, कुस्वार (नाताळचा फराळ) करायला जागा ठेवा. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात २१ ला संत थॉमस दिसेल, तो चर्चच्या कॅलेंडरच्या १९६९ च्या बदलात ३ जुलैला गेला, थॉमस नावाच्या काकांना सणाच्या शुभेच्छा द्यायला डिसेंबरात फोन केलात तर हसतील.

मिस्साच्या वेळा मात्र पेन्सिलने लिहा आणि त्याही पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) ग्रुपवर बघून, २०२६ ला ८ डिसेंबरला मंगळवार आहे, ऑफिसवाल्यांसाठी संध्याकाळची मिस्सा आहे का आणि ती मराठीत का इंग्लिशमध्ये हे आधीच विचारून ठेवा.