भाषांतरातली लपवाछपवी कळवायची असेल तर: एफबीआयच्या भाषांतरकारासाठी

टिपलेल्या संभाषणावर भाषांतरकाराने ‘तपासाशी संबंधित नाही’ असा शेरा मारला की ते बहुधा इंग्रजीत येतच नाही. ती भाषा न कळणाऱ्या तपास अधिकाऱ्याला काय निसटलं, हे समजायला मार्ग उरत नाही. एफबीआयच्या वॉशिंग्टन कार्यालयातल्या कंत्राटी भाषांतरकार सिबेल एडमंड्स यांनी एका सहकाऱ्याच्या कामाबद्दल अशीच तक्रार केली आणि मार्च २००२ मध्ये त्यांचं काम काढून घेतलं गेलं. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्यातल्या गैरप्रकारांची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, जाहीर केलं की त्यांच्या बऱ्याच आरोपांना आधार सापडला आणि काढून टाकण्यामागे निदान काही अंशी ही तक्रार होती.

पहिलं काम, संभाषणाचं मूळ ध्वनिमुद्रण वाचवा. महानिरीक्षकांच्या २००४ च्या तपासणीत दिसलं होतं की साठवण अपुरी पडल्याने काही मुद्रणं आपोआप पुसली जात होती. ते राखून ठेवण्याची मागणी लेखी करा, तारखेसकट.

मग नोंद. मुद्रणाचा क्रमांक, मिनिट-सेकंद, आधीचा शेरा आणि शेजारी तुमचं शब्दशः भाषांतर. हेतूबद्दल एक शब्दही नको. एखादी चूक थकव्याने होते, बोलीभाषा न कळल्यानेही होते. एकाच व्यक्तीची संभाषणं एकाच भाषांतरकाराकडून वारंवार गळत असतील तर मात्र संशयाला जागा आहे. आधीचा शेरा न दाखवता दुसऱ्या भाषांतरकाराकडून तेच मुद्रण तपासून घ्यावं, अशी मागणी करा. सहकाऱ्याचे संशयितांशी संबंध असल्याचा मुद्दा स्वतंत्र कागदावर मांडा. दोन्ही एकत्र केले की वैयक्तिक भांडण म्हणून तक्रार बाजूला पडते.

हे सगळं कार्यालयातल्या सुरक्षित संगणकावरच लिहा. घरी एक ओळही नको. एडमंड्स यांचा घरचा संगणक एफबीआयने ताब्यात घेतला होता.

तक्रार महानिरीक्षकांकडे द्या. २०१६ च्या कायद्याने थेट वरिष्ठांकडे केलेली तक्रारही संरक्षणात आली आहे, पण प्रत महानिरीक्षकांकडे असू द्याच. १९९८ च्या कायद्याखाली ‘तातडीची बाब’ (गंभीर गैरप्रकार किंवा कायदाभंग) म्हणून कळवलंत तर ती विश्वासार्ह आहे का हे त्यांनी १४ दिवसांत ठरवायचं असतं आणि संस्थाप्रमुखांनी पुढच्या ७ दिवसांत ती संसदेच्या गुप्तवार्ता समित्यांकडे पाठवायची असते. धोरणाबद्दलचा मतभेद यात बसत नाही. गोपनीय मजकूर पत्रकाराला दिलात तर यातलं कुठलंच संरक्षण लागू होत नाही.

कंत्राटावर असाल तर नेमणुकीचे कागद आधी वाचा. एडमंड्स कंत्राटी होत्या, म्हणून एफबीआयच्या संरक्षण नियमांत बसल्या नाहीत. कंत्राटी लोकांसाठी कायदा २०१८ मध्ये आला.

कामाचे जुने चांगले अहवाल कुठे, कोणत्या तारखेचे आहेत हे तक्रारीत लिहून ठेवा. बदली, निलंबन, गोपनीय काम काढून घेणं, काहीही झालं तरी सूडाची तक्रार लगेच, वेगळी नोंदवा. कोर्टावर विसंबू नका. एडमंड्स यांच्या दाव्यात सरकारने ‘राज्याची गुपितं’ हा, गुपितं उघड होतील म्हणून दावा रोखण्याचा, अधिकार पुढे केला आणि जुलै २००४ मध्ये दावा फेटाळला गेला. आरोपांची तड लागली ती महानिरीक्षकांच्या अहवालातच.