पट्टीवर पट्टी येते तेव्हा

इद्रियाच्या लेसमध्ये एकच पट्टी वळत वळत जाते आणि फिरून स्वतःलाच ओलांडते. इद्रिया हे स्लोव्हेनियातलं पाऱ्याच्या खाणीचं गाव. खाण चालू होती तेव्हा पुरुष खाणीत, बायका बॉबिनवर, म्हणजे धागा गुंडाळलेल्या लाकडी कांड्यांवर. तिथली लेसशाळा १८७६ची, अजून चालू आहे. ल्युब्लियानाला लेकीकडे राहताना मी ही लेस शिकले. विणायची उशी तर अगदी आपल्या लोडासारखी!

सुरुवातीला वाटतं, दोन पट्ट्यांचे धागे एकमेकांत विणले की झालं. पण त्यासाठी दोन्ही पट्ट्यांचे बॉबिन एकाच वेळी हाताशी हवेत. प्रत्येक पट्टीला बॉबिनच्या सहा-सहा जोड्या धरल्या तर चोवीस बॉबिन. इथे पट्टी एकच, आणि तिचा आधीचा भाग विणून झालेला. म्हणून तिच्यावरून जायचं आणि पट्टीवर पट्टी येते त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत अडकवायचं.

नक्षीच्या कागदावर ह्या चार कोपऱ्यांना आधीच लाल शाईने खुणा करून ठेवा. पहिल्यांदा विणताना काठाची टाचणी नेमकी त्या खुणांवर यायला हवी. नाही आली तर पुढे अडकवण्यासाठी क्रोशाची सुई घालायला जागाच नसते.

दुसऱ्यांदा तिथे पोचलात की आडवी जाणारी जोडी काठापर्यंत आणा, एक पीळ द्या. कोपऱ्याची टाचणी काढा. त्या भोकातून बारीक क्रोशाची सुई काठाच्या धाग्याखाली घाला, जोडीतला एक धागा फासासारखा वर ओढा आणि दुसऱ्या धाग्याचा बॉबिन शेपटीकडून त्या फासातून काढा. दोन्ही धागे हलकेच आवळा, टाचणी परत लावा, आणखी एक पीळ देऊन मागे फिरा. जोरात ओढलंत तर खालचा काठ चिमटल्यासारखा दिसतो.

मधल्या भागात नेहमीचंच: फुली, पीळ, फुली. फुलीत चारांपैकी मधले दोन धागे, डावा उजव्यावरून. पिळात प्रत्येक जोडीचा उजवा डाव्यावरून. टाचणी खालच्या पट्टीच्या धाग्यांमधून जाऊ द्या, धाग्यात खुपसू नका. पट्ट्या तिरक्या भेटत असतील तर डावा आणि उजवा कोपरा एकाच ओळीत येत नाहीत. जो आधी येईल तो आधी अडकवा.

आणि वरून विणायला लागण्याआधी, कोपरे सोडून, खाली गाडल्या जाणाऱ्या सगळ्या टाचण्या काढा. माझी एक राहिली होती. तिचं डोकं दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलं, आणि सुईने वरचे धागे सारत सारत ते बाहेर काढलं. रुमालावर तिथे अजून भोक दिसतं.