निवृत्त ग्रेहाऊंड घरात आणताना

काजळ, शर्यतीतून निवृत्त झालेली ग्रेहाऊंड जातीची कुत्री, आमच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती आणि तिने तोवर जिना पाहिलाच नव्हता. पहिल्या पायरीशी येऊन जी थांबली ती थांबलीच, चारही पाय ताठ. ही कुत्री हट्टी आहे असं घरात कुणीतरी म्हणालं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. शर्यतीचे ग्रेहाऊंड घरात नाही, केनेलमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या कोठड्यांत वाढतात. घर म्हणजे काय, हेच त्यांना शिकायचं असतं.

म्हणून ती यायच्या आदल्या दिवशी काचेच्या दारांवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर ती सरळ जाऊन आदळेल. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका.

जिन्यावर ओढू नका. आम्ही असं केलं: नवरा पट्टा सैल धरून दोन पायऱ्या वर, मी मागे. मी तिचा एकेक पाय हाताने उचलून पुढच्या पायरीवर ठेवायचे. पुढचा डावा, मग पुढचा उजवा, मग मागचे. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की माझ्या तळहाताला जाणवत होतं. चढणं तीन दिवसांत जमलं, उतरायला आठवडा लागला. घाबरलेलं कुत्रं उतरताना मधूनच उडी टाकतं, म्हणून तेव्हा आपण तिच्या पुढे राहायचं आणि छातीचा हार्नेस धरायचा.

ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत पळणारं हे जनावर दिवसाचा बराचसा वेळ झोपून काढतं. त्या झोपेची मात्र काळजी घ्या. काही ग्रेहाऊंड डोळे अर्धवट उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागे आहेत असंच वाटतं. माझा मुलगा तिला मिठी मारायला गेला आणि ती दात दाखवून गुरकावली. तो रडला, ती पलंगाखाली शिरायला बघत होती. तो राग नव्हता, झोपेत कुणी अंगाला हात लावल्यावर दचकणं होतं. त्या दिवशी तिची गादी येण्याजाण्याच्या वाटेवरून कोपऱ्यात हलवली आणि भोवती जमिनीवर पिवळी चिकटपट्टी लावली. पट्टीच्या आत मुलांनी पाय ठेवायचा नाही. लांबून नाव घ्यायचं, तिने मान वर केली की मग बोलवायचं. पाहुण्यांनाही हाच नियम.

ग्रेहाऊंडची मान डोक्यापेक्षा रुंद असते, साधा गळपट्टा मागे ओढताच निघून येतो. मार्टिंगेल गळपट्टा घ्या, ओढ बसली की तो बेताने आवळतो. लांब-आखूड होणारी दोरी नको: काही ढांगांत वेग घेतलेल्या कुत्र्याला दोरी संपताच मानेला जबर हिसका बसतो. आणि कुंपण नसलेल्या मैदानात कधीच मोकळं सोडू नका. नजरेला काही हललं की तिला तुमची हाक ऐकूच येत नाही, मग ती कितीही गुणी असो. घरात मांजर असेल तर पहिल्या भेटीला तोंडाला जाळी आणि गळ्यात पट्टा हवाच. काहींचं मांजराशी कधीच जमत नाही, तिथे जबरदस्ती करू नये.

खाण्याचं फार अवघड नाही. दात मात्र बरेचदा खराब असतात, रोज घासा. अंगावर चरबी कमी आणि कातडी पातळ, म्हणून जाड गादी हवी, थंडीत कोट हवा. कडक जमिनीवर लंगडली तर आधी तळवा पाहा, तिथे कुरूप असू शकतं.

डॉक्टरांना ग्रेहाऊंडचा अनुभव आहे का, हे स्पष्ट विचारा. या जातीत रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट्स आणि थायरॉइड हॉर्मोन कमी असणं नेहमीचं आहे. ते आजार समजून औषध सुरू व्हायला नको. थायोपेंटालसारख्या औषधाने दिलेली भूल यांना फार हळू उतरते. भूल द्यायच्या आधी हे बोलून घ्या.

शेवटचं, एकटं राहणं. जन्मापासून शेजारी दुसरं कुत्रं असलेल्या जिवाला रिकामं घर सोसत नाही. दोन मिनिटांपासून सुरुवात करा, दाराबाहेर उभं राहून परत या. मग पाच, मग दहा. काजळ विव्हळली की आम्ही पुन्हा मागच्या पायरीवर यायचो. तिसऱ्या महिन्यात एकदा मी पाऊण तासाने परतले, दार उघडलं, तर ती उताणी, चारही पाय वर करून झोपलेली. मी चपला हातात घेऊन आत गेले.