विक्रीपत्र लिहायला घेताना

विक्रीपत्र, म्हणजे माल विकण्यासाठी ग्राहकांना टपालाने पाठवायचं पत्र, लिहायला शिकणारे पहिला प्रश्न हमखास एकच विचारतात: सुरुवात कशी करायची? मी त्यांना आधी ऑर्डरचं कूपन, म्हणजे ग्राहकाने भरून परत पाठवायची चिठ्ठी, लिहायला सांगते. ग्राहकाने नक्की काय मागवायचं, पैसे केव्हा आणि कसे द्यायचे, वस्तू पसंत पडली नाही तर परत कशी करायची, कूपन कोणत्या तारखेपर्यंत पोचायला हवं, हे सगळं चार-पाच ओळींत बसलं की मग पत्राला हात घालावा. बसत नसेल तर शब्द शोधत बसू नका, कारण ऑफरच अजून ठरलेली नाही. नवीन काम आलं की पहिल्या बैठकीत मी कूपनचा कच्चा मसुदाच टेबलावर ठेवते. मालक आणि विक्रीवाले यांचे मतभेद तिथेच बाहेर पडतात. पत्रं छापून झाल्यावर ते कळण्यापेक्षा हे बरं.

या धंद्यात एड मेयर या अमेरिकी जाणकाराच्या नावाने एक आडाखा सांगतात: यशाचा 40 टक्के वाटा यादीचा, म्हणजे पत्र कुणाकुणाला जातं याचा, 40 टक्के ऑफरचा आणि उरलेला 20 टक्के मजकूर, मांडणी, कागद वगैरे सगळ्याचा. आकडे तंतोतंत धरू नका, पण क्रम लक्षात ठेवा. मजकूर लिहिणाऱ्याला तो झोंबतो, मलाही झोंबला होता. पण आपल्याकडून आधी खरेदी केलेल्या माणसांना गेलेलं साधंसं पत्र बहुतेक वेळा अनोळखी यादीला गेलेल्या सुरेख पत्रापेक्षा जास्त ऑर्डर आणतं. जुन्या ग्राहकांतही निवड करावी लागते: शेवटची खरेदी कधी, एकूण किती वेळा, किती रकमेची. यातली पहिली गोष्ट मी सगळ्यात जास्त मानते. नुकतीच खरेदी केलेला माणूस पुन्हा खरेदी करण्याची शक्यता जास्त असते.

आता मजकूर. ‘आमची संस्था गेली अनेक वर्षे...’ ही सुरुवात दिसली की मी पहिला परिच्छेद सरळ खोडते. बऱ्याचदा पत्राची खरी सुरुवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात दडलेली असते. लिहिताना पूर्ण यादी नजरेसमोर आणू नका. त्यातला एकच माणूस निवडा आणि त्यालाच लिहा. ‘आमच्या सर्व मान्यवर ग्राहकांना’ म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, हे आपल्या एकट्यासाठी नाही. दावा करायचा तर तपासता येईल असा करा. हिशेबाचं सॉफ्टवेअर विकताना ‘वेळेची बचत’ म्हणण्यापेक्षा ‘महिनाअखेरीस बिलं जुळवायला दोन दिवस लागत होते, आता अर्धा दिवस पुरतो’ हे वाक्य काम करतं. अर्थात तसा ग्राहक खरोखर असेल तरच.

गोष्टीने सुरुवात करायची हौस असेल तर मार्टिन कॉनरॉय यांनी वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी वृत्तपत्राचे वर्गणीदार मिळवण्यासाठी लिहिलेलं पत्र पाहा. ते 1975 पासून जवळपास तीन दशकं वापरात होतं. एकाच कॉलेजातून एकाच दिवशी पदवी घेतलेले दोन तरुण पंचवीस वर्षांनी भेटतात. एक छोट्या विभागाचा व्यवस्थापक असतो, दुसरा त्याच कंपनीचा अध्यक्ष. नक्कल करणारे गोष्ट उचलतात आणि तीच लांबवतात. मूळ पत्रात ती थोडक्यात आटोपते, हा फरक कशाने पडला असा प्रश्न उभा करते, आणि त्या प्रश्नाला धरूनच वृत्तपत्र पुढे येतं.

हमीबद्दल हात आखडता घेऊ नका. वस्तू हाताळून न पाहता पैसे पाठवायचे म्हणजे भीती असतेच. अ‍ॅरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी 1872 मध्ये शिकागोतून टपालविक्री सुरू केली, ती एका पानाच्या दरसूचीवर. आणि 1875 मध्ये ‘समाधान झालं नाही तर पैसे परत’ ही हमी दिली. ती अटींच्या बारीक टाइपात लपवायची गोष्ट नाही.

ताजा कलम मी नेहमी लिहिते. जर्मनीतले झीगफ्रीड फ्योगेले यांनी पत्र वाचताना डोळे कसे फिरतात याचा अभ्यास केला होता. लोक आधी स्वतःचं नाव आणि खालची सही पाहतात, मग ताजा कलम. मधला मजकूर नंतर, वाचलाच तर. म्हणून ऑफर आणि शेवटची तारीख तिथे पुन्हा येऊ द्या.

पाठवण्याआधी एक भागाकार करा: एका पत्राचा छपाई-टपालासह खर्च भागिले एका ऑर्डरवरचा नफा. नफा खर्चाच्या पन्नासपट असेल तर शंभरातल्या दोघांनी ऑर्डर दिल्यावर खर्च निघतो. हा आकडा पाच-सहा टक्क्यांवर गेला आणि यादी अनोळखी असेल, तर मी मालकाला पत्र पाठवू नका असंच सांगते.

दोन मसुद्यांची तुलना करायची तर यादी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटा, फरक एकच ठेवा आणि दोन्ही कूपनांवर वेगवेगळा संकेतांक छापा. हजार-हजार पत्रांत एकाला 10 आणि दुसऱ्याला 13 ऑर्डर आल्या तर दुसरा जिंकला असं समजू नका. एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. आणि यादीत स्वतःचा आणि एखाद्या ओळखीच्याचा पत्ता घाला. पाकीट कधी पोचलं, पोचताना चुरगळलं का, आत कूपन होतं का, हे दुसऱ्या कुणाकडून कळत नाही.