टास्कची यादी आणि कॅलेंडर एकत्र वापरताय? या चुका टाळा

यादीत काम लिहिलेलं असतं, कॅलेंडरमध्ये तारीख असते, तरीही काम राहतं. अशा वेळी फोन उघडून पाहिला की बहुतेकदा एकच गोष्ट सापडते: दोन्हीकडे एकच तारीख लिहिलेली असते आणि ती शेवटची तारीख असते. त्या दिवशी आठवण येते खरी, पण तोपर्यंत काम सुरू करायला उशीर झालेला असतो.

मुदतीच्या दिवशी काम लिहिणं

ठाण्यातल्या एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींचं काम घ्या. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. म्हणून यादीतही ‘एजीएम, ३० सप्टेंबर’ आणि कॅलेंडरमध्येही तेच. आता २०२६ चं कॅलेंडर समोर ठेवून उलटं मोजा. सभासदांना सोयीचा रविवार म्हणजे २७ सप्टेंबर. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यायची, आणि त्यात नोटीस दिल्याचा दिवस व सभेचा दिवस धरत नाहीत. म्हणजे नोटीस शनिवारी १२ सप्टेंबरला सगळ्यांच्या हातात पडलेली हवी. सोमवारी १४ तारखेला गणेश चतुर्थी. त्या शनिवारी निम्मी कमिटी कोकणच्या वाटेवर असते आणि उरलेली मखराच्या खरेदीत. सह्या कोणाच्या घेणार?

हेच काम नीट मांडलं तर असं दिसतं. कॅलेंडरमध्ये आधी दोन नोंदी: २७ ला सभा आणि १२ ला ‘नोटीस द्यायचा शेवटचा दिवस’. यादीत चार कामं, प्रत्येकाला करण्याची तारीख: ५ ला अजेंडा पक्का करणे, ७ ला हिशेबपत्रकांच्या झेरॉक्स, ९ ला सह्या, १० ला वाटप आणि नोटीस बोर्ड. अजेंडा लिहायला दोन तास लागतात, म्हणून शनिवारी ५ तारखेला सकाळी १० ते १२ ही वेळ कॅलेंडरमध्ये अडवून ठेवायची. झेरॉक्सला वेळ अडवायची गरज नाही, येता-जाता होतं.

नियम एवढाच आहे. मुदत कॅलेंडरला, काम हातात घेण्याचा दिवस यादीला, आणि बैठक मारून करायचं काम असेल तर त्याला कॅलेंडरमध्ये स्वतःचे तास. दुकान चालवणाऱ्यांनी जीएसटीच्या ११ आणि २० तारखा, टीडीएस भरण्याची ७ तारीख याच पद्धतीने लावाव्यात. २० तारीख कॅलेंडरमध्ये, पण ‘बिलं सीएकडे पाठवणे’ हे काम यादीत १४ ला.

टास्क कॅलेंडरमध्ये दिसतच नाही

गूगल टास्कमध्ये तारीख न घातलेलं काम कॅलेंडरच्या दिवसात येत नाही, ते फक्त यादीत राहतं. तारीख असूनही दिसत नसेल तर कॅलेंडर अॅपमध्ये डावीकडच्या तीन रेघांवर टॅप करा आणि ‘टास्क’समोर टिक आहे का पाहा. तरीही नाही? मग खातं तपासा. ऑफिसचं आणि घरचं असे दोन ईमेल एकाच फोनवर असतील तर काम एकात लिहिलेलं आणि कॅलेंडर दुसऱ्याचं उघडलेलं, हा घोळ सर्रास होतो. जुने ‘रिमाइंडर’ शोधत असाल तर ते गूगलने २०२३ मध्ये टास्कमध्ये हलवले आहेत.

मायक्रोसॉफ्ट टू डू वापरणारे वेगळ्याच गोष्टीने घाबरतात. ‘माय डे’ ही यादी रोज मध्यरात्री रिकामी होते. कामं पुसली जात नाहीत, ती मूळ यादीत जशीच्या तशी असतात. सकाळी अॅपने सुचवलेल्या कामांमधून पुन्हा निवडायची असतात, आणि ही रोजची निवड चांगलीच सवय आहे.

घरातल्यांना दिसेल असं समजणं

कॅलेंडर शेअर केलं म्हणजे टास्कही शेअर झाले, असं नाही. गूगल कॅलेंडरमध्ये दिसणारे टास्क फक्त तुम्हालाच दिसतात. ‘शुक्रवारी पाणी बंद, टाक्या भरणे’ हे टास्क म्हणून लिहिलंत तर घरातल्या बाकीच्यांना पत्ताही लागणार नाही. शटडाउनची सूचना आली की घरच्या शेअर केलेल्या कॅलेंडरमध्ये दिवसभराची नोंद करा. इथे आणखी एक खाच आहे: वेळेच्या नोंदींना जी आठवण आपोआप लागते ती दिवसभराच्या नोंदींना लागत नाही, त्यांची सेटिंग वेगळी असते. नोंद उघडून ‘एक दिवस आधी, संध्याकाळी ७ वाजता’ अशी आठवण स्वतः घाला. पाणी बंद झाल्यावर सकाळी ९ ला वाजलेली आठवण कोणाच्या कामाची?

परदेशातल्या कॉलची वेळ भारतीय वेळेत पक्की करणं

ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कमधल्या लोकांना ही चूक वर्षातून दोनदा भोवते. न्यूयॉर्कच्या टीमबरोबर त्यांच्या सकाळी ९ चा कॉल आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ६.३० ला येतो. तिथली घड्याळं १ नोव्हेंबर २०२६ ला एक तास मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे ७.३० ला सरकतो. तुम्ही तो कॉल ६.३० भारतीय वेळ म्हणून रोजचा लावला असेल तर तो ६.३० लाच राहील आणि तुम्ही एक तास रिकाम्या कॉलवर बसाल. नोंद करताना वेळेशेजारचा टाइम झोन उघडून न्यूयॉर्क निवडा, मग बदल कॅलेंडर स्वतः करेल. खरा त्रास त्यापुढे आहे: कॉल सरकला तरी यादीतली ‘७.३० ला मुलीला क्लासमधून आणणे’ जागची हलत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि मार्चच्या सुरुवातीला संध्याकाळच्या सगळ्या वेळांवर एकदा नजर टाका.

इंपोर्ट आणि सबस्क्राइब यांतला फरक

शाळेचं किंवा क्लासचं वेळापत्रक आयसीएस फाइलमध्ये, म्हणजे कॅलेंडरला वाचता येणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये, मिळतं. फाइल इंपोर्ट केली की ती त्या दिवसाची नक्कल असते. शाळेने नंतर तारीख बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहते. लिंक घेऊन सबस्क्राइब केलं तर बदल येतात, पण गूगल कॅलेंडरमध्ये ते दिसायला १२ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आज रात्री बदललेली उद्या सकाळची परीक्षा त्यावर सोडू नका. दोन्ही केलंत तर प्रत्येक नोंद दोनदा दिसेल. अशा वेळी इंपोर्ट केलेल्या नोंदी काढा, लिंक ठेवा. पुढच्या वेळेपासून इंपोर्ट करायचंच असेल तर आधी वेगळं कॅलेंडर तयार करून त्यात करा, म्हणजे नको झालं की एका झटक्यात काढता येतं.

पुन्हा पुन्हा येणारी कामं

‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असं लावलंत तर ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना गळतो. भाडं, हप्ता, मेंटेनन्स यांना २८ किंवा १ तारीख द्या, नाहीतर ‘महिन्याचा शेवटचा शुक्रवार’ असा पर्याय निवडा.

पाण्याच्या फिल्टरचं सर्व्हिसिंग वेगळ्या जातीचं काम आहे. ते तारखेपासून नाही, मागच्या वेळी झालं त्या दिवसापासून मोजायचं असतं. टूडूइस्ट या टास्क अॅपमध्ये ‘एव्हरी’ शब्दाला लागून उद्गारचिन्ह दिलं की पुढची तारीख काम पूर्ण केल्या दिवसापासून धरली जाते. गूगल टास्क वापरत असाल तर पुनरावृत्ती लावू नका, सर्व्हिसवाला गेला की त्याच वेळी तीन महिन्यांनंतरचं नवीन काम लिहा.

आठवण वाजतच नाही

आधी कामाला तारखेबरोबर वेळ दिली आहे का ते पाहा. मग अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अॅप्स, कॅलेंडर, नोटिफिकेशन चालू आहे का, आणि तिथेच बॅटरीमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. टास्कचं वेगळं अॅप असेल तर त्यालाही हेच करा. बॅटरी वाचवण्यासाठी फोन अॅपला झोपवतो आणि आठवण अॅप उघडल्यावरच येते. बदल केल्यावर पाच मिनिटांनंतरची एक चाचणी नोंद करून फोन बंद स्क्रीनवर ठेवा आणि वाजते का ते बघा.

प्रवास न धरणं

वाशीला ११ ची भेट लिहिली की कॅलेंडर ११ पर्यंत तुम्हाला मोकळं दाखवतं. ठाणे ते वाशी लोकल साधारण अर्ध्या तासाची, पण घोडबंदर रोडवरून स्टेशन गाठणं, पूल चढणं, पुढे रिक्षा हे धरून ९.३० ते ११ अशी ‘प्रवास’ नावाची वेगळी नोंद करा. परतीचीही करा, कारण दुपारची कामं तिथेच घसरतात. भेट रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळच्या यादीत ‘मेगाब्लॉक पाहणे’ हे दोन मिनिटांचं काम टाका. आणि ब्लॉक निघाला तर नोंद ९ वाजता सुरू होईल अशी मागे ओढा.